टाळीतला ळ

९ मे

कौस्तुभ सरांशी पहिला कॉल. माणूस आवडला नाही.

निवड झाल्यापासून मम्मी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय की हर्षालीला परदेशातलं काम लागलं. कसलं परदेश. मेंटर पुण्याचा निघाला. सॉफ्टवेअर तेवढं जगभरची माणसं मिळून बनवतात, फुकट, लहान मुलांना सूर-ताल शिकवायला. कोड कोणीही बघावा, कोणीही सुधारावा. दर उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांना एकेक तुकडा देतात. माझा तुकडा म्हणजे मराठीतून टाळीचे धडे. मशीन टाळ्यांचा ठेका ऐकवणार, मूल तो परत वाजवणार, बरोबर की चूक ते मशीन सांगणार. कोड मी लिहायचा आणि "आता माझ्यामागून टाळी वाजव" वगैरे सूचनाही माझ्याच आवाजात.

सरांनी विचारलं, सुरतेत मराठी बोलतात का. म्हटलं, आमच्या पर्वत पाटिया भागात या, अर्धा खानदेश इथेच आहे. हसले नाहीत. म्हणाले, "तुझं मराठी इंटरेस्टिंग आहे."

पाहुण्याला भाजी आवडली नाही की तो म्हणतो ना, वेगळी झालीय. तसं.

१४ मे

कोडवर सरांचे शेरे आले. इथलं नाव बदल, तिथे जागा सोड, हे आधीच कुठेतरी लिहिलेलं आहे ते वापर. यातलं बरंचसं खरं आहे म्हणून जास्त चीड आली. शेवटचा शेरा: "शुद्धलेखन तपासून घे." एका ठिकाणी 'आणि'चं 'आनि' झालं होतं. एकाच ठिकाणी. नेमकं तेच सापडलं यांना.

ध्रुवीला दाखवलं. माझ्याच वर्गातली, तिला दुसऱ्या एका संस्थेचं काम मिळालंय. म्हणे, "छोड ने, मेंटर छे." तिची मेंटर तिला फुलांचे स्टिकर पाठवते. तिला काय जातंय बोलायला.

२० मे

टाळी ओळखणारा भाग चालला. फारच चालला. गल्लीपलीकडे लूमचं खातं आहे, कापड विणायचा कारखाना. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि स्क्रीनवर शाबास, शाबास. मशीन लूमच्या खटखटीला टाळी समजत होतं. पप्पा पलसाण्याहून, डाइंग मिलची पाळी करून नुकतेच आले होते. चहा पिता पिता बघत होते. म्हणाले, त्या लूमलाच पास कर, तुझ्यापेक्षा जास्त मेहनत करतो.

सरांना सांगितलं तर उत्तर आलं, शांत खोलीत टेस्ट कर. शांत खोली. आमच्या घरात खोली एक आणि स्वयंपाकघर.

आजपासून या वहीत सर-बिर नाही. नुसता कौ.

२३ मे

सुटलं. लूम चुकत नाही, माणूस चुकतो. जे अगदी सारख्या अंतराने वाजतं ते टाळी नाही, एवढंच मशीनला शिकवलं. लहान मुलाच्या टाळ्या थोड्या मागे-पुढे होणारच. आता खिडकी सताड उघडी ठेवून चालतं.

कौ.चा शेरा: "ठीक."

या माणसाच्या घरी कोणी कशाला छान म्हणत असेल का.

२८ मे

सूचना रेकॉर्ड केल्या. मम्मी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणते, त्याचे गठ्ठे भिंतीला लावलेले असतात. त्यांच्या मध्ये उशी ठेवून बसले, डोक्यावरून दोन साड्या ओढल्या. आवाज एकदम स्वच्छ आला. मम्मी ओरडत होती, साडीला घाम लागला तर व्यापारी परत घेणार नाही. मी आत बसून "शाबास, पुन्हा एकदा" म्हणतेय आणि ती बाहेरून शिव्या देतेय. त्याही थोड्या आल्या रेकॉर्डिंगमध्ये. कापून काढल्या.

सगळ्या सूचना प्रोजेक्टच्या पानावर चढवल्या. छान झाल्यात. मलाच म्हणावं लागतं.

३ जून

कौ.ने आवाज नाकारला. मला एकटीला लिहून नाही, सगळ्या जगाला दिसणाऱ्या पानावर. शब्द असे:

"उच्चार प्रमाण नाहीत. 'टाळी'चं 'टायी' ऐकू येतं, 'कोण'चं 'कोन'. मुलं चुकीचं शिकतील. मराठी मातृभाषा असलेला आवाज हवा आहे. कोणी आहे का?"

मराठी मातृभाषा असलेला.

मग मी कोन.

४ जून

काही केलं नाही. कोड उघडलाच नाही.

५ जून

स्वतःचं रेकॉर्डिंग परत परत ऐकलं. आधी मला ळच ऐकू येत होता. खरंच. समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या, मराठी शाळेत सोनवणे बाई मलाच सगळ्यांपुढे उभं करून धडा वाचायला लावायच्या. बाकीची पोरं शाया म्हणायची, मी शाळा म्हणायची. निदान मला तसं वाटायचं. आज कौ.चं वाचून मग ऐकलं तर टायी. स्पष्ट टायी. त्याने सांगेपर्यंत माझे कान बरे होते.

८ जून

बाथरूममध्ये नळ सोडून ळ म्हणत होते. टाळी, गाळी, माळी. जीभ वर नेऊन मागे वळवायची, व्हिडिओ बघितला होता. मम्मीने दार वाजवलं. "काय व, कसाले बोंबली ऱ्हायनी?"

सांगितलं तिला. वाटलं होतं माझ्या बाजूने भांडेल, निदान त्या माणसाला दोन शिव्या घालेल. शेजारची बाई माझ्या केसांवरून काही बोलली तरी पदर खोचून जिन्यात उभी राहते. तर म्हणते, "तो काय खोटं सांगस? मी तुले लहानपनपासून सांगस, नीट बोल, नीट बोल."

मी म्हटलं, तू नीट बोलतेस का. मग तिने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. चांगलं झालं.

११ जून

कौ.ला मराठी मातृभाषा असलेला आवाज सापडला. त्याची सख्खी बहीण, मुग्धा. कानाने कमी ऐकणाऱ्या लहान मुलांना बोलायला शिकवते म्हणे. तिने सगळ्या सूचना स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवल्या. ऐकल्या. 'टाळी' असं म्हणते की दाताखाली खडीसाखर फुटावी. एकही चूक काढता आली नाही. दिवसभर शोधत होते.

कौ. म्हणतो, दोन्ही आवाज सध्या असू देत, शाळा उघडली की मुलांवर करून बघ आणि अहवाल लिही, मग ठरवू. उदार माणूस. ठरलेलंच आहे सगळं.

२० जून

सोनवणे बाईंच्या वर्गात गेले. बाई तशाच, केस फक्त पांढरे. त्यांना सांगितलं होतं की मशीनमधले दोन आवाज पोरांना ऐकवायचे आहेत, एक माझा आहे. खूश झाल्या. लॅपटॉप टेबलावर ठेवला. सगळी आपलीच पोरं, धुळे-नंदुरबार-जळगावची.

आधी मुग्धा लावली. पोरं ताठ बसली, साहेब आल्यासारखी. ठेका वाजला, पोरांनी वाजवला. बरोबर. दुसरा, बरोबर. आवाज नाही, गडबड नाही.

मग मी. "आता माझ्यामागून टाळी वाजव." मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळा वर्ग. पुढच्या बाकावर पायल म्हणून मुलगी, ती वळून म्हणते, "बाई, ही टायी म्हनते!" तिचा स्वतःचा 'म्हनते', त्याचं काय. ठेका येऊन गेला, कोणी हात उचलला नाही. पुन्हा लावलं, पुन्हा हसली. बाई ओरडल्या तेव्हा गप्प झाली, पण टाळ्या काही वाजवल्या नाहीत. एकमेकांच्या कानात टायी टायी चाललेलं.

विचारलं, कुठला आवाज पाहिजे. सगळे हात मुग्धाकडे. पायल म्हणाली, "त्या खऱ्या बाई आहेत ना?"

बाई निघताना म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नकोस, मीच शिकवलंय त्यांना, ळ म्हणा म्हणून रोज डोकं फोडते. माझ्याकडे बघत नव्हत्या. माझा ळ मग यांना कधी ऐकूच आला नव्हता का. की वर्गात त्यातल्या त्यात बरी होते एवढंच.

रिक्षातून येताना पायलच्या कानाखाली वाजवावी असं वाटत होतं. चौथीतली पोरगी.

२१ जून

अहवाल लिहिला. लिहिलं की ओळखीच्या उच्चारांमुळे मुलांचा प्रतिसाद लवकर आला. प्रमाण उच्चार ऐकून मुलं दबून गेली. मुलांचा कल स्थानिक आवाजाकडे होता.

चढवला.

आणि जेवायला बसले. 

२४ जून

लोकांना आवडला अहवाल. भयंकर आवडला. ब्राझीलची एक बाई आहे या संस्थेत, सगळ्या भाषांचं काम बघते, तिने लिहिलं की आम्ही इतके दिवस हेच म्हणत होतो. कोणीतरी कुठल्या देशातून लिहिलं की त्यांच्याकडेही राजधानीचा आवाज लादतात. हृदयं, टाळ्या, त्या पिवळ्या हातांच्या. कोणी एकानेही विचारलं नाही की वर्गात काय झालं ते सविस्तर सांग.



२६ जून

कौ.ने माफी मागितली. त्याच पानावर, जगासमोर. "मातृभाषेबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं आणि दुखावणारं होतं. हर्षालीची माफी मागतो. तिचा आवाज घेऊ."

ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस. मला वाटलं नाचेन. मला त्याचा अजून राग आला. इतक्या लवकर मान खाली घालायची होती तर आधी कशाला वर केली होती. भांडला असता तर मी भांडले असते. आता काय करू.

मम्मीला सांगितलं, माझा आवाज राहणार. म्हटलं खूश होईल. भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हनजे आते पोरं टायीच म्हनतीन? मंग शिकीसन काय फायदा?"

२ जुलै

अर्ध्या प्रोजेक्टचा निकाल. पास. कौ.ने चांगलं लिहिलंय, टाळी आणि लूम वेगळं करण्याचं तर तीन ओळी कौतुक. हे मे महिन्यात लिहिलं असतंस तर बाबा.

९ जुलै

मुग्धाची मेल आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. लिहिते की तिला अहवाल वाचून आश्चर्य वाटलं पण आनंदही झाला. तिच्याकडची मुलं आवाज कमी ऐकतात, त्यामुळे तिला सवय लागलीय फार ठासून म्हणायची, तेच मुलांना टोचलं असेल का. कुठल्या शब्दाला मुलं दबली ते सांगशील का. मला माझ्या कामात उपयोग होईल.

कुठल्या शब्दाला. एकाही नाही बाई. तुझ्या एकाही शब्दाला नाही.

उत्तर दिलं नाही.

११ जुलै

उत्तर दिलं नाही.

१४ जुलै

आता कौ.ला सगळ्या मेंटर लोकांच्या कॉलवर हा अहवाल मांडायचाय. त्याला वर्गाच्या शिक्षिकाही कॉलवर हव्यात. नंबर मागितला. नाही म्हणायला काही सुचलं नाही, दिला. तासाभरात बाईंचा मलाच फोन, की पुण्याहून एका सरांचा फोन आला होता, किती गोड बोलतात, मी हो म्हटलंय.

माझ्याशी कधी गोड बोलला नाही तो.

१६ जुलै

बाईंच्या घरी गेले, भेस्तानला. त्यांच्या मिस्टरांनी टीव्ही बंद केला नाही, म्हणून स्वयंपाकघरात उभ्याने बोललो. अहवालात काय लिहिलंय ते सांगितलं. वाटलं चिडतील. आधी नीट समजूनच घेतलं नाही त्यांनी. मग समजलं.

म्हणाल्या, इतकी वर्षं मी पोरांच्या तोंडातून ते य काढायला मरते आणि तू जगाला सांगितलंस की तेच बरं. माझ्याच वर्गाचं नाव लावून. म्हटलं बाई, मला राग आला होता. म्हणाल्या, राग मलाही येतो, मी पोरांची हजेरी खोटी लावते का?

मग मी बोलले. बोलायला नको होतं. म्हटलं, ती पोरं मला हसली ते तुम्ही शिकवलेलंच हसली. स्वतःच्या आईच्या बोलण्याला हसायला तुम्ही शिकवलं. 

बाईंनी गॅस बंद केला. चहा उकळत होता तो तसाच राहिला. "मला विचारलं तर मी खरं सांगेन," म्हणाल्या. "तू आता जा."

१७ जुलै

कौ.ला आधीच लिहून टाकावं. चार वेळा लिहिलं, पुसलं. माफी मागणारं प्रत्येक वाक्य त्याच्यासारखं होतंय. प्रमाण.

१९ जुलै

कॉल झाला. झाला तसा लिहिते.

दुपारची सुट्टी होती, बाई शाळेच्या कार्यालयात बसून मोबाइलवर. कौ. होता, ब्राझीलची बाई होती, बाकीचे पाच-सहा चेहरे. कौ.ने आधी इंग्रजीत सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन घेऊन. मग मराठीत बाईंना विचारलं, वर्गात त्या दिवशी मुलांचा प्रतिसाद कसा होता ते सांगाल का, मी भाषांतर करतो.

बाई सरळ बसल्या. पदर नीट केला. त्यांच्या तोंडून असं मराठी मी कधी ऐकलेलं नाही, एकेक अक्षर निवडून. म्हणाल्या, "त्याविषयी हर्षालीच सांगेल. तिनेच पाहिलेलं आहे."

एवढंच. खरं सांगेन म्हणाल्या होत्या. सांगितलंही नाही आणि सोडलंही नाही.

मी माईक चालू केला. मराठीतच बोलले, कौ.ला म्हटलं भाषांतर तुम्हीच करा. सांगितलं की अहवाल खोटा आहे. पोरं मला हसली. टाळ्या वाजवल्याच नाहीत. मुग्धाताईंच्या आवाजावर सगळं बरोबर वाजवलं. हात वर करायला सांगितले तेव्हा सगळे त्यांच्यासाठी वर झाले.

तो भाषांतर करेना. ब्राझीलची बाई विचारतेय काय झालं, काय म्हणाली. शेवटी केलं त्याने, दोन वाक्यांत. मग मला म्हणाला, "मग आवाज मुग्धाचाच ठेवायला हवा. तुला मान्य असेल."

"नाही," म्हटलं. "माझाच ठेवा."

"मुलं हसतायत असं तूच सांगितलंस."

"हसू द्या. घरी सगळे असेच बोलतात त्यांच्या. मशीनमधून कधी आपलं बोलणं ऐकलेलं नाही म्हणून हसतात. एक दिवस हसतील, आठवडाभर हसतील. मग टाळ्या वाजवतील."

"हे तुला वाटतं. तुझ्याकडे पुरावा नाही."

"मुलं चुकीचं शिकतील हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमच्याकडे होता?"

 त्यावर तो म्हणाला की अंतिम मूल्यमापनात त्याला खोट्या अहवालाचा उल्लेख करावा लागेल आणि त्यावर नापासही होऊ शकतं. म्हटलं लिहा. आवाज चढला होता माझा. स्वयंपाकघरात मम्मीने भाकरी थापणं थांबवलं होतं.

कॉल संपल्यावर बाईंचा फोन. तू मला यात का ओढलंस, एवढंच परत परत. शेवटी म्हणाल्या, वर्गात आता पाऊल ठेवायचं नाही.

२० जुलै

मुग्धाला खरं लिहिलं. तीन ओळी. माफी मागितली नाही, लिहिलं की तुमच्या एकाही शब्दाला पोरं दबली नाहीत. उत्तर नाही आलं. नकोच.

मम्मीला सगळं समजलंय, भिंती कुठल्या जाड आहेत. रात्री जेवताना पप्पांना म्हणाली, पोरीने साहेबाला तोंडावर सुनावलं. अभिमानाने म्हणाली की काळजीने, कळलं नाही. मला म्हणाली, नापास झालीस तर बिल्डिंगमध्ये काय सांगू ते तूच सांग.

३ ऑगस्ट

काम चालू आहे. कोणी थांबव म्हटलेलं नाही. कौ. शेरे लिहितो, मी बदल करते. नाव नाही, नमस्कार नाही. जुना अहवाल मीच काढून खरा चढवला. त्यावर एकही हृदय नाही.

ध्रुवीच्या मेंटरने तिला पुढच्या वर्षी मेंटर होशील का विचारलं. तिने पेढे आणले. खाल्ला.

१२ ऑगस्ट

अंतिम निकाल अजून नाही. फोल्डरमध्ये दोन्ही आवाज तसेच. त्याने माझा काढला नाही, मुग्धाचाही नाही. कुठला लागणार विचारलं तर उत्तर देत नाही.

आज एक शेरा आला. "टाळीची सूचना पुन्हा रेकॉर्ड कर. मागे पंखा ऐकू येतो."

ळबद्दल अक्षर नाही. विसरला असेल. किंवा नापासच करायचं असेल तर काय ळ आणि काय य. किंवा मुद्दाम सोडलंय, मी कशी म्हणते बघायला. हलकट माणूस.

पंखा बंद केलाय. घामाने निथळतेय, रेकॉर्डिंग चालू आहे, सेकंद पुढे चाललेत. अजून तोंड उघडलेलं नाही.